सरकी रागावते तेव्हा

पाळीव सशाबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "फार गरीब जनावर आहे जी, काही त्रास नाही." भुंकणं नाही, दुधात तोंड घालणं नाही, पिंजऱ्यात ठेवलं की कोपरा धरून बसून राहतं. लोक हे कौतुकाने सांगतात. सरकीची ओळखही मला अशीच करून देण्यात आली होती. नागपुरातल्या नंदनवन भागातल्या एका ताईंच्या घरून ती आमच्याकडे प्रतापनगरला आली, कारण त्यांची बदली झाली होती आणि नव्या गावी भाड्याच्या घरात जनावर चालणार नव्हतं. पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची, मांडीवर ठेवली तर तसूभरही न हलणारी. "उचलली तरी हूं नाही की चूं नाही," असं सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. जीव होता त्यांचा तिच्यावर.

पण त्या हूं-चूं न करण्यात काय दडलेलं असतं ते सशासोबत राहिल्याशिवाय कळत नाही. सरकीने मला ते तिच्या चालीने, सावकाश दाखवलं. आता कुणी "आमचा ससा एकदम शांत" असं म्हणालं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो: त्याला रागावता येतं का?

घरात पाळले जाणारे ससे कुठल्याही रंगाचे असोत, सगळ्यांचं मूळ एकच, स्पेन-पोर्तुगालकडचा रानससा. जमिनीत बिळं करून घोळक्याने राहणारा. आपल्याकडे तुरीच्या धुऱ्यावरून टणाटण उड्या मारत जातो तो ससा वेगळा. तो बीळ करत नाही, गवतात दबून बसतो आणि त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. घरच्या सशाची पिल्लं उघडी-नागडी आणि डोळे मिटलेली. (शेतात पिल्लू एकटं दिसलं म्हणून घरी घेऊन येणारे लोक अजूनही भेटतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मनाई आहे, आणि ते पिल्लू बहुधा अनाथ नसतंच. त्याची आई दिवसभर त्याच्याजवळ थांबत नाही, दूध पाजायला तेवढी येते. त्याला तिथेच राहू द्यावं.)

दोघांचं प्राक्तन मात्र एक. घार, घुबड, कोल्हा, रानमांजर, मोठा साप, जो मांस खातो त्याच्या ताटात ससा असतो. अशा जिवाला दुखणं दाखवणं परवडत नाही. लंगडणारा, कण्हणारा आधी उचलला जातो. म्हणून ससा दुखणं गिळतो, भीती गिळतो आणि पळायला वाट नसली की थिजतो. गोष्टीतला ससा पान पडलं म्हणून आभाळ पडलं समजून पळत सुटला. पिंजऱ्यातल्या सशाला पळायला रानच नसतं. तो बसून राहतो आणि आपण त्याला गरीब म्हणतो.

मोबाइलवर असे व्हिडिओ फिरतात. सशाला उताणं करून मांडीवर ठेवतात, तो हातपाय सैल सोडून पडून राहतो आणि खाली लिहिलेलं असतं, किती गाढ झोपलाय. ती झोप नाही. शिकाऱ्याच्या तावडीत सापडलेलं जनावर मेल्याचं सोंग घेतं, तशातला तो प्रकार आहे. आत काळीज धडधडत असतं. लहान मुलं हे बघून घरच्या सशावर करून पाहतात, म्हणून मी भेटेल त्याला सांगते. सशाचा कणा नाजूक असतो, मागच्या पायांचा जोर मात्र जबर. उताणा धरलेला ससा घाबरून झटका देतो तेव्हा स्वतःचीच पाठ मोडून घेऊ शकतो. कान धरून उचलणं तर कुठल्याही परिस्थितीत नाही.

मग खरी स्वस्थता आणि थिजलेपण यांतला फरक ओळखायचा कसा? मी नाकापासून सुरुवात करते. जागा ससा नाक हलवतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण त्या हलण्याला वेग असतो. स्वयंपाकघरात फोडणी चरचरली की सरकीचं नाक भराभर चालतं, खिडकीत मांजर आलं की त्याहून जास्त. दुपारी कूलर लागल्यावर ती पाय पोटाखाली घेऊन बसते, कान पाठीवर आडवे पडतात, आणि नाक मंद होत होत मधूनच थांबतं. पुन्हा एकदा हलतं, पुन्हा थांबतं. डोळे उघडेच असतात, कारण ससे डोळे उघडे ठेवूनही झोपतात. भ्यालेल्या सशाचेही कान पाठीलाच चिकटलेले असतात, पण तिथे अंग जमिनीला दाबलेलं असतं, मानेपासून शेपटीपर्यंत सगळं ताठ, डोळे बाहेर आलेले. नुसते कान बघणारा इथे हमखास फसतो. अंग सैल आहे की आवळलेलं, ते बघावं.

लाल डोळ्यांच्या पांढऱ्या सशांचं आणखी एक आहे, आणि आपल्याकडे मिळणारे बरेच ससे तसेच असतात. सरकी एखाद्या नव्या वस्तूपुढे येऊन थांबते आणि डोकं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हळूहळू डोलवते. घरी आलेल्या पाहुण्यांना वाटतं, हिला चक्कर येते की काय. तसं नाही. या सशांच्या डोळ्यांत रंगद्रव्य नसतं, त्यामुळे उजेड जास्त शिरतो आणि नजर अंधूक असते. डोकं हलवलं की जवळची वस्तू जास्त सरकलेली दिसते, लांबची कमी, त्यावरून ती अंतराचा अंदाज घेते. डोकं एका बाजूला कललेलंच राहिलं तर मात्र ते दुखणं आहे. मग डॉक्टरकडे जायला उशीर करू नये.

सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, वरचंसुद्धा. फक्त नाकासमोरचा, हनुवटीखालचा तुकडा दिसत नाही. आपण प्रेमाने हात नेमका तिथेच नेतो, नाहीतर वरून. समोरचा हात त्याला दिसत नाही आणि वरून येणारा हात त्याच्या लेखी घार असते. हात बाजूने, खालून, त्याला दिसेल असा न्यावा आणि कपाळावर, दोन कानांच्या मध्ये थांबावा. तिथे खाजवलेलं आवडत नाही असा ससा मी पाहिलेला नाही.

यातलं काही वाचलेलं नसताना माझ्या आईने सरकीला बोलतं केलं. आईचे गुडघे दुखतात, तरी भाजी ती खाली बसूनच निवडते. सरकीचा पिंजरा आम्ही काढून टाकला होता, एका कोपऱ्यात पुठ्ठ्याचा खोका ठेवला होता, दोन बाजूंनी दारं कापलेला, कारण बिळात राहणाऱ्या जिवाला एक वाट शिरायला आणि दुसरी निसटायला लागते. आई सतरंजीवर पाय पसरून सांबार निवडायची. (विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी, कोथिंबीर.) सरकीकडे बघायचीही नाही. मी खोक्यापाशी वाकून हाका मारू लागले की म्हणायची, "कायले तिच्या मागं लागून राह्यली? तिले तिच्या मनानं येऊ दे."

ती आली. पुढचे पाय पुढे ताणून, मागचे पाय जागेवरच ठेवून, म्हणजे कधीही परत फिरता येईल अशा बेताने. आईच्या साडीचा काठ हुंगला, मागे गेली. पुन्हा आली. असं बरेच दिवस चाललं. मग एका संध्याकाळी तिने आईच्या पायाच्या अंगठ्यावर हनुवटी घासली, दोनदा. सशाच्या हनुवटीखाली गंधाच्या ग्रंथी असतात; आपल्याला तो वास येत नाही, पण त्याच्या दृष्टीने ती वस्तू त्याच्या नावावर झालेली असते. त्यानंतर सरकीने टेबलाचे पाय, कूलरचं स्टँड, गॅसचं सिलिंडर, माझ्या चपला, सगळं आपल्या नावावर करून घेतलं. आई मात्र पहिली.

सतरंजीचं महत्त्व मला तेव्हाच कळलं. सशाच्या तळव्यांना कुत्र्या-मांजरांच्या पंजासारख्या गाद्या नसतात, नुसते केस असतात. गुळगुळीत टाइल्सवर त्याचे पाय घसरतात आणि घसरणारा ससा एका जागी बसून राहतो. किती घरांमधला "शांत" ससा केवळ फरशीमुळे शांत असेल! आम्ही हॉलभर जुन्या सतरंज्या अंथरल्या आणि सरकी धावायला लागली. ऊन कललं की तिचा दिवस सुरू होतो. पहाट आणि तिन्हीसांज या सशांच्या वेळा. दाराकडून खिडकीपर्यंत एक धाव, वळण, परत धाव, आणि मध्येच ती सरळ वर उसळते. हवेत असताना डोकं एका बाजूला, मागचे पाय दुसऱ्या बाजूला, अंगाला पूर्ण पीळ. खाली येते, क्षणभर थांबते, जणू आत्ता काय झालं ते तिलाही बघायचं असतं, आणि परत उसळते. ससे पाळणारे याला बिंकी म्हणतात. आनंदाची इतकी उघड खूण दुसऱ्या कुठल्या जनावरात मी पाहिलेली नाही. दमली की ती धाडकन एका कुशीवर अंग टाकून देते. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या छातीत धस्स होतं, पण पोट उघडं टाकून पडणारा ससा म्हणजे निर्धास्त ससा.

आणि मग आला राग. मी त्याची वाटच पाहत होते.

तिच्या खोक्यात झाडायला हात घातला की ती घशातून खरखरीत गुरगुरते आणि पुढच्या दोन्ही पायांनी केरसुणीला चापट्या मारते. नखं कापायला उचललं की खाली ठेवल्यावर चार उड्या मारून लांब जाते, जाताना मागचे पाय माझ्या दिशेने झटकते आणि पाठ करून बसते. पाठ करून, पण एक कान माझ्याकडे वळवून. खायला उशीर झाला तर स्टीलची वाटी दातांत धरून आपटते. पहाटे पाचला हा आवाज शेजाऱ्यांनाही जातो, म्हणून वाटी बदलून जड मातीची आणली. आता ती ही वाटी ढकलत भिंतीपर्यंत नेते. रात्री कंपाउंडवर मांजर आलं की मागचा पाय जमिनीवर असा आपटते की झोपेतून उठावं लागतं. बिळांच्या वस्तीत हा सगळ्यांसाठी इशारा असतो: धोका आहे, आत व्हा. दिवाळीत ती रात्रभर पाय आपटते. तेव्हा मी दिवा लावून धावपळ करत नाही. सतरंजीवर आडवी होते, हळू आवाजात बोलत राहते. वस्तीतलं कुणीतरी पळत नाहीये, एवढं तिला दिसलं की हळूहळू थांबते.

हा त्रास आहे का? असेल. पण नंदनवनातून आलेली सरकी कशालाच नाही म्हणत नव्हती आणि ही म्हणते. नकार दिल्याने जीव जाणार नाही, ही खात्री पटल्याशिवाय ससा नकार देत नाही. तिच्या रागाचा मला मनापासून आदर वाटतो.

त्या रागानेच एकदा तिचा जीव वाचवला. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू होता. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो आणि सशाला 30 च्या पुढेच जड जायला लागतं. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकून अंग थंड करणंही त्याला जमत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. आम्ही वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर, फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाच्या बाटल्या, ओल्या हाताने कान पुसणं, सगळं करत होतो. तरी एका सकाळी मी जागी झाले ती शांततेने. वाटी आपटल्याचा आवाज नव्हता.

ती कोपऱ्यात पाठ कुबडी करून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले, पण दुपारच्या डुलकीतले नव्हे, आवळलेले. गाल बसल्यासारखे. मिशा ताठ. कान मागे ओढलेले आणि आपसांत गुंडाळल्यासारखे. आणि दातांचा आवाज. कपाळ खाजवलं की सरकी समाधानाने दात वाजवते, पलीकडच्या खोलीत कुणी सावकाश सुपारी कातरत असावं तसा बारीक आवाज. आजचा आवाज मोठा होता, थांबून थांबून येणारा, करकरीत. ते दुखणं असतं. सतरंजीवर रात्रीची एकही लेंडी नव्हती.

2012 मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी सशाच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक पद्धत मांडली. त्यात पाच गोष्टी बघतात: डोळ्यांचं आवळणं, गालांचं चपटं होणं, नाकपुड्यांचा आकार, मिशांची ठेवण आणि कानांची ठेवण. ससा चेहऱ्यावर काही दाखवत नाही असं म्हणणाऱ्यांनी या पाच जागा एकदा निरखाव्यात. सगळं तिथे असतं, फक्त बारीक असतं.

सशाचं आतडं सतत चालतं राहावं लागतं. त्याला उलटी करता येत नाही. जे आत गेलं ते पुढेच सरकायला हवं. आतडं थांबलं की वायू साठतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून खात नाही, खात नाही म्हणून आतडं आणखी थांबतं. 12 तास काही न खाल्लेला ससा म्हणजे तातडीचा रुग्ण, "उद्या बघू" म्हणण्याची सोय नाही. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय असल्यामुळे नागपुरात जनावरांचे डॉक्टर कमी नाहीत, पण सशांवर हात बसलेला डॉक्टर कोण, हे ससा धडधाकट असतानाच विचारून ठेवावं. आमच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला तो, "कधीपासून खाल्लं नाही?" मला वेळ सांगता आली, कारण रात्री अकराला सरकीने पालकाची देठं नाकारून पाठ फिरवली होती आणि पहाटे वाटी वाजली नव्हती. सलाइन, वेदनाशामक, आतडं चालवणारं औषध. संध्याकाळी तिने आईच्या हातून सांबाराची एक काडी ओढली आणि पाठोपाठ दुसरीसाठी आईचं बोट चावलं. हळूच. आई रडली.

कोपऱ्यात नुसता बसून राहणारा ससा त्या दिवशी आजारी आहे हे कुणाला, कधी कळलं असतं?

(खाण्याबद्दल थोडक्यात: ताटातले पाचांपैकी चार वाटे वाळलेलं गवत. चित्रातल्या सशाच्या हातात गाजर असतं, खऱ्या सशाला ते मिठाईइतकंच द्यावं. आणि तो स्वतःच्या मऊ लेंड्या खातो ते रोखू नये, त्याच्या पचनाचा तो भाग आहे.)

पावसाळ्यात सरकी छातीचे केस उपटून तोंडात गवताचा भारा घेऊन खोक्यात नेताना दिसली. आईने बघताच ओळखलं, घरटं करते आहे. पिल्लं होणार नव्हती; घरात नर नव्हता. सशाच्या मादीला खोटी गर्भधारणा होते, आणि तेव्हा तिचा राग वेगळा असतो, तिला त्या दिवसांत अजिबात छेडू नये. डॉक्टरांनी नसबंदीचा सल्ला दिला. नसबंदी न झालेल्या माद्यांमध्ये वय वाढेल तसं गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण फार वाढतं. शस्त्रक्रिया नीट पार पडली, आणि मग मनात बराच काळ घोळणारी गोष्ट केली: तिला सोबत आणली.

काजळ काळा-पांढरा आहे, दोन्ही डोळ्यांभोवती काळी कडा. वसतिगृहातल्या मुलांनी हौसेने घेतला होता, सुट्ट्या लागल्या आणि त्याला कुठे ठेवायचं कळेना. नसबंदीनंतरही नर चार ते सहा आठवडे पिल्लं देऊ शकतो, आणि अनोळखी ससे एकदम एकत्र सोडले तर एकमेकांना फाडतात, म्हणून दोघांच्या मध्ये जाळी लावली आहे. रोज त्यांच्या सतरंज्या बदलतो, म्हणजे वासाची ओळख होते. सरकी आधी शेपटी ताठ करून जाळीवर चालून गेली. आता जाळीशी येऊन डोकं खाली घालते. याचा अर्थ, मला चाट. काजळही समोर येऊन डोकं खाली घालतो. दोघंही वाट बघत बसतात, सुरुवात कुणीच करत नाही, आणि शेवटी सरकी फणकारून निघून जाते. शेजारचा चौथीतला मुलगा पोटावर पडून हे तासन्‌तास बघतो. त्याचा हात मध्ये आला की सरकी नाकाने बाजूला ढकलते. "काकू, ती मला सरक म्हणते," असं तो मला अभिमानाने सांगतो.

काजळ मात्र गरीब आहे. उचललं तर लोंबकळतो, ठेवलं तर ठेवलं तिथे राहतो, वाटी रिकामी झाली तरी वाटीपाशी बसून असतो. त्याने पाय आपटलेला मी अजून ऐकलेला नाही. आई तिची भाजी आता जाळीच्या त्या बाजूला बसून निवडते. परवा मी त्याच्या खोक्यात गवत भरायला हात घातला, तर त्याने मान वर केली, घशातून अगदी पुसट गुरगुरला आणि पुढच्या उजव्या पायाने माझं मनगट बाजूला सारलं. मी हात काढून घेतला आणि आईला हाक मारली.

"गुरगुरला?" आई गुडघ्यावर हात टेकत उठली. "वाचा फुटली व त्याले!" आणि फ्रिजमध्ये सांबार शिल्लक आहे का बघायला गेली.